न पाहिलेलं तोंड

सोलापूरच्या कोर्टात वेणीमाधवराव वकिलांच्या शब्दाला वजन होतं. अर्जावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला 'मी ओळखतो' अशी वकिलाची सही लागते. खरं तर ती शपथच, पण तिला शपथ मानतो कोण? सोबत घरचं माणूस आहे ना, मग करा सही. सगळेच तसं करतात, म्हणून कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

मैंदर्गीचा रुद्रप्पा त्यांचा जुना पक्षकार. एक दिवस तो नाकापर्यंत पदर ओढलेल्या बाईला घेऊन आला. म्हणाला, "ही माजी भैन नीलव्वा. वडलांच्या जमिनीतला हक्क सोडतीय." बाईमाणसाला पदर मागं घे म्हणायचं कसं? रुद्रप्पाच्या बापाच्या पंगतीला जेवलेल्या वेणीमाधवरावांना ते जमलं नाही. मान खाली घालून त्यांनी अंगठा घेतला आणि सही केली. भिडेपायी माणूस मातीत जातो तो असा.

खरी नीलव्वा वर्षभरानं कोर्टात उभी राहिली. नवरा वारलेला, पदरात दोन मुली, आणि भावानं तिच्या नावावर दुसरीच बाई उभी केलेली. तिनं दावा लावला, बार कौन्सिलकडे वकिलाची तक्रारही केली.

शेजारच्या टेबलावर हयात काढलेला देवदत्त वकील म्हणाला, "बाईनं आधार कार्ड दाखवलं होतं, एवढंच सांग. तुझी सनद वाचेल."

सनद वाचली असती, पण नीलव्वाची जमीन गेली असती. वेणीमाधवराव काही देवमाणूस नव्हते. ते वाक्य त्यांनी घरी दोनदा म्हणून पाहिलं. पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर समोर नीलव्वा दिसली. तिनं पदर खांद्यावर घेतला होता. तोंड उघडं होतं, आणि ते त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

"जिचा अंगठा घेतला तिचं तोंड मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "ओळखतो असं लिहिलं, ते खोटं आहे."

नीलव्वाला जमीन मिळाली. बार कौन्सिलपुढेही त्यांनी तेच सांगितलं. पाच वर्षं सनद निलंबित झाली. अडुसष्टाव्या वर्षी पाच वर्षं म्हणजे कायमचीच. रोज इस्त्री होणारा काळा कोट कपाटात गेला. नवी पेठेत 'वकीलसाहेब' अशी हाक आली की ते न वळता पुढं चालायला लागायचे.

एक दिवस नीलव्वा कागद घेऊन दारात आली. "उताऱ्यावर नाव लावायचं हाय. वकिलाची वळख लागतीय म्हनं. तुमी वळखता की मला."

आता तिला ते खरंच ओळखत होते, आणि सही करता येत नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी चपला घातल्या आणि तिला देवदत्तकडे नेलं.

देवदत्त फोनवर होता. वेणीमाधवरावांना पाहून त्यानं हसून मान हलवली, कागद ओढला आणि पेन उघडलं. मागं कोण उभं आहे हे त्यानं पाहिलंही नाही.

वेणीमाधवरावांनी कागदावर हात ठेवला.

"अरे, तू आणलीस ना? मग झालं की," देवदत्त म्हणाला.

"फोन ठेव," वेणीमाधवराव म्हणाले. "आधी बाईंकडे बघ."