परीक्षेच्या हॉलमधलं सोवळं

कुजबुजणं ही कला आमच्या पीटीच्या बाईंना देवाने दिलीच नव्हती. वाशीच्या नव्या वसाहतीतून त्या घणसोलीच्या आमच्या शाळेत यायच्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी आणि हेडमास्तरांशी भांडून मिळवलेली मुलींच्या संडासाची किल्ली. धोतर नेसणाऱ्या प्रत्येकावर त्यांचा डोळा असे. "सर, हे विरलंय, मला द्या," असं त्या भर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, तेव्हा संस्कृतचे सर निऱ्या सावरत पळाले. जमलेली धोतरं उकळून, फाडून, खो-खोच्या दोन खांबांना दोरी बांधून त्या वाळत घालत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? हेडमास्तर घाईने म्हणाले, "स्काउटचे रुमाल." "छे हो! मुलींच्या पाळीसाठी आहेत," बाई मैदानापलीकडून गरजल्या. "हे नसले की पोरी शाळा बुडवतात!" साहेबांनी गरम चहा एका घोटात संपवला आणि शाळेला 'उत्तम' शेरा देऊन जीप गाठली.

दहावीच्या गणिताच्या पेपराच्या सकाळी नेमकी मी बाजूला बसले. आमच्याकडे चार दिवस मागच्या पडवीत बसायचं, कुणाला शिवायचं नाही. पेपर हुकला तर मामाने आणलेलं स्थळ तयारच होतं. मैत्रिणीने बातमी पोचवली आणि बाई थेट आमच्या अंगणात उगवल्या.

"चार दिस कोनाला शिवायची नाय ती. आमच्यान तसाच हाय," आईने सांगून टाकलं.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. मी गारच पडले. "पण मग घरात कशाला ठेवलीत, ताई? एवढीशी पडवी, येताजाता धक्का लागायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये एका बाकावर एकच मुलगी. कुणाला शिवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, पाणीसुद्धा लांबून देतात. तुमच्यापेक्षा कडक सोवळं आहे तिथलं!"

आईने बराच विचार केला. तिला यात काही खोट सापडेना. शेवटी बाईंनी आणलेल्या धोतराच्या घड्या घेऊन मी निघाले आणि आई हातभर अंतर राखून माझ्यामागून चालत आली.

पेपर सुटला तेव्हा ती फाटकाशी उन्हात उभी होती. मी सवयीने लांबच थांबले.

"आला काय सगला?" तिने विचारलं. मी मान हलवली. आई भराभर पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा कुरवाळला.

पुढे बाईंची बदली झाली. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर साऱ्या गावाला ऐकू गेलं असतं, आणि आज वाटतं, जायला हवं होतं.