वरचे नऊ टक्के

रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेलमध्ये आम्हाला घर मिळालं तेव्हा माझी मुलगी जेमतेम बसायला लागली होती. पहिल्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतली एक बाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दारात आली. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, पुण्याचीच. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच कंपनीत. मी तिला ताई म्हणायला लागले. मुलीला ताप आला की डॉक्टरांच्या आधी ताईला फोन जायचा. माझं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडासला. ट्रेन रखडली की मुलीला पाळणाघरातून ताईच घेऊन यायची.

काही वर्षांनी ताईने घरून फराळ विकायला सुरुवात केली. रीतसर नोंदणी करून, स्वयंपाकघराची नीट व्यवस्था लावून. आसपासच्या मराठी मंडळींचा एक ग्रुप होता, त्यावर ती भाव टाकायची. पहिल्या दिवाळीच्या आधी ती मला म्हणाली, ‘मला तो टॅक्सचा हिशेब शिकव. तुझं डोकं चालतं त्यात.’

इथल्या विक्रीकराला बेतेवे म्हणतात, आपल्या जीएसटीसारखाच. खाण्याच्या पदार्थांवर नऊ टक्के, बाकी बहुतेक वस्तूंवर एकवीस. मी तिच्या ओट्याशी उभी राहून समजावलं. शंभराच्या चकल्यांवर नऊ लावले की एकशे नऊ होतात, हे सोपं. पण एकशे नऊमधला कर शोधायचा असेल तर त्याचे पुन्हा नऊ टक्के काढायचे नाहीत. एकशे नऊने भागून नऊने गुणायचं. सगळे इथेच चुकतात. ताई करंजीच्या कडा दुमडत ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘परत सांग.’ मी परत सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं. जिने मला इथे संसार मांडायला शिकवलं, तिला मी काहीतरी शिकवत होते.

तिने भावाखाली लिहायला सुरुवात केली, ‘अधिक नऊ टक्के बेतेवे’. मला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नाआधी मी दोन वर्षं अमेरिकेत होते. तिथे लेबलवर एक भाव आणि गल्ल्यावर दुसरा. राज्याचा कर वेगळा, त्यावर शहराचा वेगळा. पलीकडच्या गावात तीच वस्तू वेगळ्या किमतीला पडायची. कर वरून लागतो हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. पण डेल्फ्टला पीएचडी करणाऱ्या एका मुलीने ग्रुपवर विचारलं, की सुपरमार्केटमध्ये तर लेबलवर लिहिलेलेच पैसे द्यावे लागतात, मग इथेच वरून वेगळे का?

तिला उत्तर ताईने दिलं नाही, मी दिलं. लांबलचक लिहिलं. हे नऊ टक्के ताईचे नाहीत, सरकारचे आहेत, ती फक्त गोळा करून भरते, आणि ते वेगळे दाखवले म्हणजे व्यवहार स्वच्छ राहतो. लोकांनी लाइकचे अंगठे टाकले. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी ताईने कणीक मळायचं मोठं मशीन घेतलं, मोठ्या कढया घेतल्या. ट्रेनमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं, की जो कर गोळा करून भरतो, त्याला खरेदीवर दिलेला कर वजा करता येतो. मशीनवर एकवीस टक्के गेले होते. तेल, बेसन, साखर यांवर नऊ. ते सगळं परत मिळवता येईल. रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून मी पूर्ण दुपार त्यावर घालवली. नवऱ्याने चहा आणून दिला. माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघितलं आणि आत गेला.

मी ताईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, ‘राहू दे गं, कशाला एवढं.’ मला वाटलं, ती संकोचते आहे. मी दोनदा, तीनदा मागे लागले. शेवटी एकदा जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, की ताई हक्काचे पैसे सोडते आहे, तू तिच्या नवऱ्याशी बोल.

त्याने घास ताटात ठेवला. म्हणाला, ‘तिला काही परत मिळणार नाही. ती छोट्या धंद्यांच्या सवलतीत आहे. ती कर भरतच नाही.’

मला कळायला थोडा वेळ लागला. विक्री ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर इथे ही सवलत घेता येते. मग गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, सरकारला भरायचा नाही, आणि खरेदीवरचा परतही मागायचा नाही. ताईने ही सवलत सुरुवातीपासूनच घेतलेली होती. म्हणजे मी ओट्याशी उभी राहून हिशेब शिकवत होते, तेव्हाही.

‘तुला कधीपासून माहीत आहे?’

‘मागच्या दिवाळीपासून. तिचा नवरा बोलता बोलता बोलून गेला.’ मग म्हणाला, ‘तू तमाशा केला असतास. आणि आपलं त्यांच्यावाचून चालत नाही.’

मी त्या दुपारचा विचार करत होते. मी तेलाच्या डब्यांवरचा कर काढत होते, आणि हा चहा ठेवून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. ती नाकारेल असं वाटलं होतं. तिने नाकारलं नाही. बस म्हणाली, पाणी दिलं. म्हणाली, की तिच्या हातांना चटके बसतात, पाठ धरते, आणि त्याच लोकांना दोन युरो भाव वाढवला तर महाग वाटतं. टॅक्स म्हटलं की मुकाट देतात.

मी म्हटलं, ‘मग मला कशाला शिकवायला लावलंत?’ मी तिला पहिल्यांदाच अहो-जाहो करत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

ती शांतपणे म्हणाली, ‘तू सांगितलंस म्हणून तर कुणी विचारलं नाही.’

मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. नऊ टक्क्यांबद्दल मी जे सांगितलं होतं ते चुकीचं होतं, ताईच्या धंद्याला हा कर घ्यायचाच नसतो, ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांची माफी मागते. मग कुणीतरी लिहिलं, जाऊ दे, दोन-तीन युरोंचा तर प्रश्न. त्याखाली कुणीतरी अनारशांची तारीफ केली. एका ओळखीच्या बाईंनी फोन करून सुनावलं, की घरातल्या गोष्टी अशा चव्हाट्यावर आणू नयेत. डेल्फ्टच्या मुलीने तेवढं मला वेगळं लिहिलं, ‘तुम्हालाही माहीत नव्हतं ना?’ तो निरोप वाचून मला रडू आलं.

ताईने ती ओळ काढली आणि भाव तेवढ्यानेच वाढवला. ऑर्डरी पूर्वीइतक्याच आल्या. आमच्याकडे मात्र त्या दिवाळीला डबा आला नाही. मुलगी डचमध्ये विचारायची, आपण मावशीकडे का जात नाही. मी मराठीत काहीतरी सांगायचे आणि ती माझ्याकडे संशयाने बघायची. आता तिला पाळणाघर नाही, शाळा आहे. ट्रेन रखडली की नवरा लवकर निघतो.

तो बदलला आहे. आता सगळं सांगतो. ऑफिसात कोण काय बोललं, कुणाला भेटला, बँकेतून कशासाठी पैसे काढले. मी न विचारता सांगतो. मी भाजी चिरता चिरता ऐकते, हं हं म्हणते. आणि त्याचं बोलणं संपलं की वाटतं, यात सांगायचं काय राहिलं असेल.