ज्वारीच्या मापानं मोजलेला दम

पंचेचाळिसाव्या वर्षी मले बुडी मारायचं याड लागलं. मोबाईलवर एक बाई एका दमात समुद्रात खोल जाऊन हसत वर आली, अन् इकडं माझी भाकर तव्यावर करपली. आपल्याकडं समुद्र नसंल, विहीर तं आहे! पोहता येतच होतं. देऊळघाटचे एक चाचा विहिरीत पडलेल्या बादल्या, मोटारी बुडी मारून काढतात. त्यायलेच गाठलं.

"चाळीस मोजेपर्यंत दम धर," चाचा म्हणाले, "मंग तळाचा गाळ मुठीत आणू. तोवर विहिरीत नाही. अन् एकटी तं कधीच नाही, पोरी!"

घरी ओट्यावर मी उताणी, मनातल्या मनात मोजायले नवरा. पहिल्याच दिवशी सासूबाईनं मले तशी निपचित पाहिली अन् "अवं माय, हे तं गेली!" म्हणत तांब्याभर पाणी तोंडावर ओतलं. हसू की श्वास घेऊ!

पण दम काही बाविसाच्या पुढं सरकेना. महिना झाला. "तुम्ही हळू मोजून राह्यले!" मी नवऱ्यावर खेकसायची. "बरोब्बर मोजून राह्यलो," ते म्हणायचे.

शेवटी रडकुंडीले येऊन चाचाले सांगितलं, सोडते मी नाद. चाचा म्हणाले, "माह्यासमोर मोठ्यानं मोजा बरं."

नवऱ्यानं सुरू केलं, "लाभ, लाभ, लाऽभ... दोन, दोन, दोऽन..."

चाचा पोट धरून खाली बसले. "दादा, दम मोजून राह्यले का ज्वारी?"

आमच्याकडं धान्य मोजताना एकाले लाभ म्हणतात, अन् पुढचं माप पोत्यात पडेपर्यंत तोच आकडा घोळवतात. जन्मभर ज्वारी मोजलेल्या माणसाले दुसरं मोजणं येतच नव्हतं! चाचाच्या मोजणीत माझे पासष्ट भरले. मी ओट्यावरच फुगडी घातली, एकटीनं.

मग विहीर. चाचा माझ्याजवळ पाण्यात, नवरा काठावर माझ्या कमरेचा दोर धरून. मी गेले खाली. कान दुखले, नाक चिमटीत धरून हलकं फुंकलं, कान मोकळे झाले. हिरवं पाणी, मग काळं, मग बोटायले थंडगार, मऊ गाळ. अगं बाई, तळ! मूठ भरली अन् हसतच वर आले. "आणला! आणला हो!"

नवरा पाहतच नव्हता. डोळे गच्च मिटून, दोर दोन्ही हातानं आवळून पुटपुटत होता, "सात, सात, सात, सात..." पुढचा आकडा म्हणायची त्याची हिंमतच झाली नव्हती.

पायऱ्या चढून मी गाळाच्या हातानं त्याचा हात धरला.

"अहो, आले मी. आठ म्हणा आता!"