गुडघ्याखालची उशी

अर्धा गुडघा बदलून घेतला म्हटलं की लोक आधी हसतात. "अर्धाच? पुरा करून टाकायचा ना एकदाच." जणू मी घराला रंग देत होते. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून नीट सांगितलं होतं: आतल्या बाजूची गादी झिजली आहे, बाहेरची शाबूत आहे, मग शाबूत आहे ते कापायचं कशाला? मला पटलं. पण केळी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्यापासून समजावताना मला ऑपरेशनपेक्षा जास्त दम लागला.

ऑपरेशन लातूरला झालं, कारण मुलगा तिथे असतो. मी भोकरला राहते. नवरा गेल्यापासून एकटीच, शाळेतून निवृत्त झालेली, स्वतःची भाजी स्वतः निवडून आणणारी. मुलाने ऑपरेशनच्या आधीच बोलून ठेवलं होतं, "आई, पाय नाहीच नीट झाला तर इथंच राहा. भोकरचं घर भाड्यानं देऊ." म्हणजे गुडघा चालला तर माझं घर, नाही चालला तर त्याच्या फ्लॅटमधली मागची खोली. हसतखेळत बोलला होता, पण मी ऐकायचं तेवढं ऐकलं.

दवाखान्यातून मुलाच्या फ्लॅटवर आले आणि चौथ्या दिवशी अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सत्तरी ओलांडलेली बाई इस्लापूरहून गाड्या बदलत आली. जयभीम घालून होतो न होतो तोच त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "आगं, पाय आसा अधांतरी ठिवत्यात व्हय?" आणि जाड उशी काढून गुडघ्याखाली सारली.

खरं सांगते, बरं वाटलं. ठणका कमी झाला. पण पाय सरळ ठेवा असं दवाखान्यात कुणीतरी म्हणाल्याचं मला गुंगीतून आठवत होतं, आणि तरी मी उशी काढली नाही. मी उठून संडासला गेले तरी परत येईपर्यंत अक्का उशी झटकून पुन्हा जागेवर ठेवायच्या. त्यांना नको म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. सासऱ्यांनी माझं डी.एड. बंद करायचं ठरवलं तेव्हा याच बाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यामुळे मी मास्तरीण झाले. आता त्यांना म्हणू, तुमची उशी चुकीची आहे?

टाके काढायच्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने मला टेबलावर झोपवलं आणि पाय सरळ करायला सांगितला. होईना. गुडघ्याखालून तिचा हात आरपार गेला.

"बाई, गुडघ्याखाली उशी ठेवता का?"

मी हो म्हटलं. ती माझ्याकडे न बघता मुलाकडे वळली. "तुम्हाला सांगितलं होतं ना, उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली कधीच नाही? कागदही दिला होता. असाच आखडला तर बाई लंगडत चालतील."

गाडीत बसून मी दार ओढून घेतलं. मग विचारलं, "तुला माहीत होतं?"

"आत्याला कोण सांगणार, आई? तिला वाईट वाटलं असतं." सिग्नल सुटला तेव्हा हळूच म्हणाला, "आणि तुला तरी परत जायची एवढी घाई कशाला?"

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझ्या पायाचा कागद त्याच्या खिशात, आणि मला मात्र आराम कर, आराम कर. प्रेमाने केलं असेल. प्रेमाने केलं म्हणून पाय सरळ होत नसतो.

घरात पाऊल टाकलं तेव्हा अक्का पलंगाची चादर नीट करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "अक्का, त्या उशीने माझा पाय आखडला. दोन आठवडे वाया गेले. मला माझ्या घरी जायचंय."

मला वाटलं, पिशवी भरतील. चादर सोडून त्या पलंगावर टेकल्या.

"मंग आदी बोलायचं न्हाई का? मला काय कळतं त्यातलं. पाय तुजा हाय."

एवढंच म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळपासून व्यायामाच्या मुलीने मला दाखवलं होतं तसा माझा गुडघा खाली दाबायला बसल्या. मी ओरडले तरी त्यांनी हात काढला नाही.

भोकरला परतायला तीन महिने जास्त लागले. परतले, नांदेडला गाडी बदलून, एसटीची पायरी स्वतः चढून. गुडघा बोटभर वाकडाच राहिला आहे. मुलावरचा राग केव्हाच निवला, अक्कांवर तर तो नव्हताच. उरलेला आहे तो पलंगावर पडून दोन आठवडे गप्प राहिलेल्या बाईवर, आणि तिला मी अजून माफ केलेलं नाही.