एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस

"दोन्ही ठेवायचं," असं म्हणून काका फूटपट्टी एक ओळ खाली सरकवायचे. वाद संपला. समोरचा अजून तोंड उघडून बसलेला असायचा आणि हे पुढच्या ओवीवर.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी भांडता येत नाही, कारण तो कुठल्याच बाजूला नसतो. आमचं ऑफिस बुधवार पेठेत. खाली चार्जर, स्पीकर आणि दिव्यांच्या माळा विकणारी दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर आमचं पोथ्यांचं प्रकाशन. मी कॉम्प्युटरवर मजकूर बसवते, एकवीस वर्षं झाली. काका मुद्रितशोधक, म्हणजे प्रुफं तपासणारे. ते माझ्या कितीतरी आधीपासूनचे. खालून दिवसभर स्पीकरचा दणदणाट आणि वर काका देवाचे काना-मात्रा मोजत बसलेले.

तपासायची आमची पद्धत जुनी होती. मी मूळ प्रत हातात धरून मोठ्याने वाचायची आणि काकांनी नवं प्रूफ पुढ्यात ठेवून ऐकायचं. नुसते शब्द नाहीत, चिन्हंसुद्धा वाचायची. "दोन दंड, पाच, दोन दंड" म्हटलं की पाचवी ओवी संपली. जिना चढून नवीन कुणी आलं की त्याला वाटायचं, इथे कुणाला तरी शिक्षा सुनावतायत.

पोथीत लिहिलेलं काका शब्दशः पाळायचे. पोथी म्हणते, वाचताना पूर्वेकडे तोंड असावं. म्हणून काकांचं टेबल पूर्वेकडे, म्हणजे भिंतीकडे, आणि पाठ आम्हा सगळ्यांकडे. पान उजव्या हाताने उलटावं, असंही लिहिलंय. काका डावखुरे. उजव्याने पान उलटायचे आणि डाव्याने लाल खुणा करायचे. "सोय बघूनच घडवलंय मला," म्हणायचे.

मी एकदा म्हटलं, "अहो काका, ते नियम भक्तांसाठी आहेत. प्रूफ वाचणाऱ्यासाठी नाहीत."

"तसं लिहिलेलं नाही."

झालं. 

आमची सगळ्यात जास्त मागणी असलेली पोथी एका महाराजांची, अठरा अध्यायांची, सात दिवसांच्या पारायणाची. महाराजांचं नाव सांगत नाही. भक्त फार हळवे आहेत आणि आमचा फोन नंबर पोथीच्या मागेच छापलेला आहे. मालकांचे गुडघे गेल्यावर त्यांची मुलगी केतकी सगळं बघायला लागली. तिने या पोथीची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती पोथी सलग वाचली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन थेट काकांच्या टेबलाशी.

"काका, तिसऱ्या अध्यायात महाराज घोड्यावरून गावात येतात. नवव्यात म्हणतात, जन्मात कधी वाहनावर बसले नाहीत. लॉजिकली हे कॉन्ट्रॅडिक्ट होतंय ना?"

"होतंय."

"मग?"

"दोन्ही ठेवायचं."

"आणि पाचव्यात सावकाराचा थोरला मुलगा साप चावून मरतो. चौदाव्यात तोच पंगतीत वाढतोय!"

"काय वाढतोय?"

"भात."

काकांनी डोळे मिटले, मनातल्या मनात ओवी म्हटली. "बरोबर आहे. भातच आहे तिथे."

"अहो, पण मेलेला माणूस भात कसा वाढेल?"

"मेला म्हटलंय, मेला. वाढतोय म्हटलंय, वाढतोय. मधे काय झालं ते मला कुणी विचारलेलं नाही."

मी हसून हसून भाजीचा घास सांडला. केतकी मात्र पेटली होती. पोर हुशार आहे, आणि हट्टी. ती म्हणाली, "हे सोडा. सातव्यात बेचाळिसावी ओवी बघा. पारायण मधेच खंडलं तर घरचा आधार तुटेल, असं सरळ लिहिलंय. अठराव्यात म्हणे, एक ओवी प्रेमाने कानावर पडली तरी सगळं पारायण घडलं. म्हणजे माणसाने घाबरायचं का नाही घाबरायचं?"

"सकाळी घाबरायचं, संध्याकाळी नाही," मी म्हटलं. मीच म्हटलं होतं ते.

"एक तरी काढू या ना, काका. लोक हे अक्षरशः घेतात."

"आपण निवडायला लागलो की पोथी आपली होते," काका म्हणाले. "मग ती वाचेल कोण? दोन्ही ठेवायचं." आणि फूटपट्टी खाली.

त्याच महिन्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. धायरीला आम्ही दोघीच राहायचो, आई आणि मी. तिला श्वास पुरत नव्हता. तीच म्हणाली, "महाराजांचं पारायण कर गं. तुझा आवाज चांगला आहे." मी रजा टाकली. सकाळी लवकर घरी वाचायचं आणि मग दवाखाना गाठायचा. मी इतकी वर्षं ती पोथी कॉम्प्युटरवर बसवलेली, पण वाचायची म्हणून कधी वाचली नव्हती. चार दिवस नीट झाले. पाचव्या दिवशी बाराव्या अध्यायात होते तेव्हा फोन आला, ताबडतोब या. मी पोथी पालथी घातली आणि धावले. त्यानंतर पोथीला हात लावायला वेळच झाला नाही. सातव्या दिवशी दुपारी आई गेली.

चौदाव्या दिवशी मी कामावर गेले. मला काही होत नव्हतं, हे सांगायला हवं. रडू येत नव्हतं. भूक लागत होती, बस मिळत होती, जिन्याच्या पायऱ्या तेवढ्याच होत्या. केतकीने जवळ घेतलं तर मी तिच्या खांद्यावरून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. काका म्हणाले, "वाचायला जमेल का?" मी म्हटलं, "जमेल की."

मागच्या वेळी आम्ही सहाव्यापर्यंत आलो होतो. सातवा लागला. मी वाचत गेले. दोन दंड, चाळीस, दोन दंड. दोन दंड, एक्केचाळीस, दोन दंड. आणि थांबले. शब्द डोळ्यांना दिसत होते, तोंडातून निघत नव्हते.

काका वाट बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची वळवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना भिंतीकडे पाठ करून बसलेलं बघितलं.

मी सांगितलं. पाचवा दिवस, बारावा अध्याय, पालथी पोथी. हवामान सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "काका, सातवा खरा की अठरावा? आई माझ्यामुळे गेली का?"

मला वाटलं, आता म्हणतील, दोन्ही ठेवायचं. त्यांचे ओठ हललेसुद्धा. पण त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली, परत ठेवली. मग म्हणाले, "पुढचं मी एकटा बघतो. तुम्ही चहा घ्या, ताई."

दोन दिवसांनी तपासलेली प्रुफं माझ्या टेबलावर आली. काकांच्या लाल खुणा बघून मी दुरुस्त्या केल्या. आमच्याकडे नियम आहे, एकेक दुरुस्ती झाली की ऑपरेटरने शेजारी हिरव्या पेनाने बरोबरची खूण करायची. मी केल्या असतील. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही.

पोथी छापून आली, दुकानांत गेली. महिन्याभराने एका बाईंचा फोन आला. केतकीने स्पीकरवर टाकला.

"मी हडपसरहून बोलतेय. अहो, तुमच्या नव्या पोथीत सातव्या अध्यायात एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस आहे. परवा आमच्या मिस्टरांचं ऑपरेशन आहे हो. एक ओवी राहिली. आता माझं पारायण झालं म्हणायचं का खंडलं म्हणायचं?"

  काका उठले, फोनजवळ येऊन वाकले.

"बाई, अठरावा वाचलात का?"

"वाचला ना."

"त्यात लिहिलंय, एक ओवीसुद्धा पुरते. तुमच्या तर एवढ्या झाल्या. पारायण झालं. निश्चिंत जा दवाखान्यात."

बाई मोठ्याने "बरं बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. काकांनी त्यांना सातव्याचं काहीच सांगितलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

केतकीने पोथी उघडून बघितली. खरंच, एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण बघितलं. मी म्हटलं, "माझ्याच हातून उडाली असेल. मी काही ताळ्यावर नव्हते."

"नाही," काका म्हणाले. "माझी नजरचूक."

तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही कदाचित. काकांच्या हाताखालून गेलेल्या पोथीत आजवर अनुस्वार चुकलेला नव्हता. दुसऱ्या प्रकाशनांची माणसं त्यांना विचारायला यायची. मुद्रितशोधकाने आख्खी ओवी गाळली, ही गोष्ट पेठेत आठ दिवसांत सगळ्यांना कळणार होती, आणि कळलीच.

केतकी म्हणाली, "असू दे हो काका, होतं. उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घालू."

"घाला," काका म्हणाले. "शुद्धिपत्राचं प्रूफ तेवढं दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

त्यांनी फूटपट्टी रुमालाने पुसली, पिशवीत टाकली आणि जिना उतरून गेले. आम्हाला वाटलं, उद्या येतील. त्यांची खुर्ची अजून भिंतीकडेच तोंड करून आहे.

प्रुफांचे गठ्ठे आम्ही आवृत्ती संपेपर्यंत सुतळीने बांधून ठेवतो. पुढच्या आठवड्यात मी तो गठ्ठा सोडला. माझी चूक काकांनी स्वतःवर घेतली, अशी माझी खात्री होती आणि ती चूक मला बघायची होती. सातवा अध्याय काढला. बेचाळिसाव्या ओवीवर फूटपट्टी लावून मारलेली लाल रेघ होती. सरळ, एकसारखी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या दंडापर्यंत. समासात काढून टाकायची खूण, खाली काकांची बारीक सही. पुढच्या ओवीचा आकडा बदललेला नव्हता. त्रेचाळीस, तसाच.

आणि लाल रेघेच्या शेजारी हिरवी बरोबरची खूण. माझी.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. खाली स्पीकर चालू होता म्हणून बरं, कुणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते साताऱ्याला पुतण्याकडे गेले होते. मी म्हटलं, "काका, ती ओवी तुम्ही मुद्दाम काढलीत."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"नजरचूक, ताई. वय झालं आता."

"मग पुढचे आकडे का नाही बदललेत? कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"आकडा खोटा कसा घालू?" म्हणाले. मग, "जेवलात का?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला. नंतर दोनदा केला, तेव्हा पुतण्याने उचलला. काका झोपलेत, म्हणाला. मग मीही केला नाही.

शुद्धिपत्र निघालं. ते मीच बसवलं, दुसऱ्या कुणीतरी तपासलं. आता प्रत्येक पोथीत एक पिवळी चिठ्ठी असते, तीत ती ओवी असते.

माझ्या घरी आता या नव्या आवृत्तीची प्रत आहे, तिच्यात चिठ्ठी नाही. परवा मी पूर्वेकडे तोंड करून बसले, पहिल्या अध्यायापासून. सातवा तिसऱ्या दिवशी आला. वाचताना दंड म्हणायची सवय सुटत नाही. दोन दंड, एक्केचाळीस, दोन दंड. मग थांबले. पुढची ओवी मला तोंडपाठ आहे. ती मी म्हटली नाही. उजव्या हाताने पान उलटलं आणि त्रेचाळीसपासून पुढे वाचायला लागले.