बहरलेल्या झाडांतली वाट

गोल्फच्या व्हिडिओ गेमसाठी मी घरी बसून मैदानं तयार करतो. ती सगळ्यात आधी खेळून पाहतो तो वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी. अमरावतीला आला की तो माझ्याकडे येणारच. रिमोट घेतो, पण लगेच चेंडू मारत नाही. सौद्याआधी बगीचा पाहावा तसं अख्खं मैदान फिरून घेतो. मग तक्रार ठरलेली. "झाडं इतकी खेटून काहून लावली, भाऊ? फवारणीचा ट्रॅक्टर कुठून जाईन?"

गोल्फमध्ये ट्रॅक्टर नसतो, हे त्याला पटत नाही.

परवा मी त्याच्यासाठी मुद्दाम संत्र्याचा बगीचा रचला, दाट, फुलांनी पांढरा झालेला. गडी पहिल्यांदाच मला हरवायच्या बेतात होता. झाडांतून एक सरळ फटका पुरे होता. त्यानं नेम धरला, थांबला आणि चेंडू लांबच्या वळशानं नेला. हरला.

"काहून हो?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"बहार झडला असता ना, बाप्पा!"

"अहो, गेममधली फुलं झडत नाहीत."

"ते तुमच्या गेमले माईत हाय, माह्या हाताले नाई!" तो खदखदून हसला.

तो गेल्यावर मी झाडं सरकवली. ट्रॅक्टर आरामात जाईल एवढी.