दादाचे कोरडे हात

दौंडहून तार आली तेव्हा मी शिरूरला माझ्या वर्गात तिसरीची शुद्धलेखनं तपासत होते. मनोहर गेला, लगेच या, एवढंच. मनोहर म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. आठ दिवस न्यूमोनियानं छाती भरली होती, जानेवारीतली थंडी होती, आणि तो गेला. तरी घरासमोर जमलेल्यांपैकी एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "त्याला ऊन सोसत नव्हतं, त्यानंच गेला असणार." जानेवारीत! महिना उलटला, ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझ्या भावाबद्दल लोक जन्मभर अंदाजानं बोलत आले. आता एकदा मी माहितीनं बोलते.

दादाला घाम येत नसे. कधीच नाही. उन्हाळ्यात अंग तापून तो ग्लानीत जायचा आणि आई त्याच्यावर घागरीनं पाणी ओतायची. त्याची कातडी पातळ, गुळगुळीत आणि कोरडी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. डोळ्यांखाली काळसर सुरकुत्या, त्यामुळं दहाव्या वर्षीच तो वयस्कर दिसायचा. केस भुरे, मोजके. भुवया जवळजवळ नव्हत्याच. मोठी माणसं त्याला बघून आवाज खाली आणत आणि 'महारोग' हा शब्द उच्चारत. आमची आत्या तेवढ्यावर थांबत नसे. तिच्या मते दादा पोटात असताना आईनं ग्रहणात विळी हातात धरली होती. आई हे वीस वर्षं खाली मान घालून ऐकत राहिली...

दादा शिवण शिकला आणि पन्नास सालानंतर कधीतरी त्यानं दौंडला रेल्वे कॉलनीजवळ दुकान टाकलं. गार्डांचे पांढरे कोट, पांढऱ्या पँटी. मे महिन्यात बाकीच्या शिंप्यांच्या बोटांचे डाग कापडावर उमटायचे, दादाचे नाही. "माझ्या हाताखाली पांढरं कापड पांढरंच ऱ्हातं," तो ऐटीत म्हणायचा. अंगात ओला बनियन, पायाशी पाण्याची बादली, आणि मशीन चालू. मग कुणीतरी तोच जुना शब्द बाजारात सोडला. आठवड्याभरात गिऱ्हाइकं न शिवलेली कापडं परत घेऊन गेली.

दादा रडला नाही. दुकानाला कुलूप लावून शिरूरला आला आणि मला न् आईला घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या तिघांच्या पाठीला आयोडीन फासलं, ते वाळल्यावर वर स्टार्चची पूड भुरभुरली आणि आम्हाला उन्हात बसवलं. घाम आला की ती पूड निळीकाळी पडते. दादाची पाठ पिवळीच्या पिवळी राहिली, त्याला त्यांनी लगेच आत घेतलं. आईची पाठ मात्र काळी झाली, आणि त्या काळ्यात पिवळे, वळणदार पट्टे उमटले, ओढ्याचं पाणी वाळूवर खुणा सोडतं तसे. माझ्याही पाठीवर तसेच पट्टे, असं आई म्हणाली.

बाई म्हणाल्या, "हा महारोग नाही. याच्या कातडीत घामाच्या ग्रंथीच नाहीत. आईकडून येतं हे. बाईच्या अंगावर असे पट्टे असतात, मुलग्यात पुरतं उतरतं. कुणाला लागत नाही."

"म्हंजी, विळी धरली म्हणून न्हवं?" आईनं विचारलं.

"नाही हो. विळीचा काय संबंध?"

आई उठली. पाठ न धुता, पदर गुंडाळून, तडक आत्याच्या घरी गेली. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, पण आत्या पुन्हा कधी ग्रहणाबद्दल बोलली नाही. बाईंनी दिलेली चिठ्ठी दुकानात लाव, असं मी दादाला सुचवलं. तो म्हणाला, "मी काय परवाना दावून जगू व्हय?" त्यानं कुलूप काढलं आणि मशीनवर बसला. दीड महिना बसून राहिला. मग एक गार्डसाहेब दुसरीकडं शिवलेला, शिंप्याच्या बोटांनी डागाळलेला कोट घेऊन आले, आणि पाठोपाठ बाकीचे.

माझं लग्न ठरायच्या वेळी आईनं दादाला निरोप धाडला होता, पाहुणे येतील तवा तू येऊ नको. दादा पहिल्या एस.टी.नं आला. मुलाचे मामा त्याच्याकडं बघत म्हणाले, "मुलीच्या भावाला महारोग हाय असं कानावर आलंय." दादानं खिशातून सुई काढली, मामांपुढं धरली, डोळे मिटले आणि हात पुढं केला. "महारोगात टोचलेलं कळत न्हाई. टोचा, मी जागा सांगतो."

मामा मागं सरकले. सुई नवऱ्या मुलानं घेतली.

"करंगळी," दादा म्हणाला. "...आता मनगट. आता अंगठ्याच्या बुडाशी, आन् जरा हळू टोचा की!"

कुणीतरी हसलं. त्या हसण्याच्या आधारानं मी उठले आणि सगळं सांगून टाकलं: पाठीवरचे पट्टे, डॉक्टरीणबाई, आणि मला होणारा मुलगा दादासारखा निघू शकेल हेही. आईनं कपाळाला हात लावला. मामा चहा न घेता निघाले. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, मुलाच्या हातचं, एका ओळीचं: मला मुलगी पसंत आहे.

आमच्या थोरल्याला घाम येतो. धाकटा दादासारखा. तो झाला तेव्हा मी बाळंतिणीच्या खाटेवर रडत होते. दादानं त्याला उचललं, पोटावरून आपला कोरडा हात फिरवला आणि म्हणाला, "आला का माझा माणूस!" मग माझ्याकडं वळला. "रडती कशापायी? मी वाईट जगतोय का?"

या लेखासोबत दादाचा फोटो हवा आहे. माझ्या लग्नातला एक आहे. फोटोग्राफर सारखा सांगत होता, तोंड मिटा, तोंड मिटा, कारण दादाला सगळे मिळून सहाच दात होते, तेही सुळ्यासारखे टोकदार. नेमकं बटण दाबताना दादा खदखदून हसला. नातेवाईक म्हणतात, पेपरात छापायचाय, जरा ओठ मिटलेला बरा फोटो पाठव. मी सगळ्या पेट्या पालथ्या घातल्या. तसा एकही फोटो त्यानं काढू दिलेला नाही. हाच पाठवते आहे.